तार षड्जावरची गाठ

या, असे जवळ या. मागं बसलात त्यांनीही पुढं सरकावं, जागा आहे. आजवर तुम्ही ऐकलीत ती आख्यानं होऊन गेलेल्यांची. आजचं आख्यान अजून व्हायचं आहे. आणखी पंचवीस-तीस वर्षांनी कृष्णाकाठच्या कुरुंदवाडात आणि तिथून तासाभरावरच्या मिरजेत ते घडेल. देव यात दिसणार नाही. पण तो दिसतो म्हणून का आपण इथं जमतो? एक पेटीवाला आहे, एक गळा भाजलेली बाई आहे आणि राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान अशी एक गाठ आहे. ती गाठ राहू द्यायची की जाऊ द्यायची, एवढीच गोष्ट, होऊन गेल्यासारखी सांगायची. ऐका.

पेटीवाल्याचं नाव दिगंबर गुरव. वयाच्या पंचविशीत तो मंदारबुवांच्या मागं पेटी घेऊन बसला, तो चौतीस वर्षं तिथंच बसला. कीर्तनात लोक बघतात बुवांकडं. बुवांचा फेटा, बुवांचं उपरणं, बुवांच्या हातातल्या चिपळ्या. पेटीवाला फोटोत अर्धा येतो. दिगंबरला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एकदा एका यजमानांनी हार बुवांना घातला आणि नारळ चुकून तबलजीलाच दोनदा दिला, तेव्हा बुवाच हसून म्हणाले होते, "अहो, आमचा दिगू हवेवर जगतो. भाता हलता ठेवा, पुरे."

चौथ्या वर्षी एका गावच्या दत्तजयंतीला बुवा अंगात ताप घेऊन सात दिवस उभे राहिले. यजमान नको म्हणाले, दिगंबर नको म्हणाला. "दिगू, माणसं दुपारपासून जागा धरून बसलीत," एवढंच बुवांचं उत्तर. सातव्या दिवशी त्यांनी स्वतः रचलेलं पद आलं: 'आलो उशिरा, दार लोटले नाही ना रे'. त्यातला 'ना' तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर जातो. तिथं आवाज फाटला. जुनं धोतर पिळताना फाटतं तसा, टर्रकन.

मंडपातल्या कुणालाही ते कळलं नाही. कारण दिगंबरच्या मधल्या बोटानं, मनाला न विचारता, बुवांच्या पट्टीचा 'सा', वरच्या सप्तकातली काळी एक, अर्धी मात्रा आधीच दाबली होती आणि धरून ठेवली होती. बुवांचं तोंड उघडं, सूर पेटीचा. बुवा खालच्या निषादावर येऊन पुन्हा मिळाले. नंतर चूळ भरताना पाण्यात रक्त आलं. डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलं. आवाज परत आला, पण तार षड्जावर कायमचा अडखळ राहिला. पुढं तीस वर्षं जेव्हा जेव्हा ती जागा आली तेव्हा तेव्हा दिगंबरचं बोट अर्धी मात्रा आधी वर गेलं. आणि तीस वर्षांत दोघांत या विषयावर एक शब्द झाला नाही. झाकलेलं बोलून दाखवलं तर झाकलं कशाला?

दोन वर्षांपूर्वी बुवा गेले. ना बायको, ना मूल. देह आधीच दान लिहून ठेवला होता. रुग्णालयात कागदावर सही करायला दिगंबर उभा राहिला तेव्हा टेबलापलीकडच्या मुलीनं विचारलं, "नातं काय लिहू, काका?"

दिगंबर म्हणाला, "पेटी वाजवतो."

मुलीनं वर पाहिलं, आणि रकान्यात खरंच तसं लिहिलं.

त्यानंतर दिगंबरला कुणी बोलावलं नाही. नवे बुवा साथ यंत्रावर घेऊन येत. त्याला जेवायला घालावं लागत नाही. दिगंबरची बायको त्याच्याही बारा वर्षं आधी गेलेली. घाटाजवळच्या खोलीत तो, पेटी आणि खुंटीवर बुवांच्या चिपळ्या. दिवसदिवस त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडत नसे. संध्याकाळी दिवा लावताना स्वतःचा आवाज ऐकून तोच दचके.

अशात मिरजेहून निरोप आला. तिथं 'कंठसदन' नावाचं केंद्र निघालं होतं. गेलेला गळा नव्यानं विणून देत. त्यांना पेटीवाला हवा होता.

"यंत्र आहे आमच्याकडं," तिथल्या डॉक्टर रुबीना मुजावर पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "अगदी शुद्ध सूर देतं. पण यंत्रापुढं माणसं गात नाहीत हो मास्तर, हजेरी देतात. तुम्ही आठवड्यातून एकदा तरी बसा. पेशंटला शंभर दिवस सूर लावायचा असतो, रोज तासभर."

"शंभरच का?"

मुजावर मॅडमना कुणी विचारलं की आनंद होई. कँटीनमध्ये चहा गार होईस्तोवर त्यांनी सांगितलं. आपल्या आख्यानाचा हा पूर्वरंग समजा; जरा लक्ष द्या, पुढं सगळं यावरच उभं आहे.

"आपण म्हणतो शरीर पेशींचं बनलंय," मॅडम म्हणाल्या. "पण पेशी नुसत्या एकमेकींना चिकटून बसलेल्या नसतात. मधे जाळं असतं. कोलॅजनचे दोर, रबरासारखे ताणणारे धागे, पाणी धरून ठेवणारा चीक. आमच्या आजीची वाकळ आठवते मला. चिंध्या वेगवेगळ्या, धागा एकच, आरपार. पेशी त्या धाग्यांना हातांनी धरून असतात. ओढून बघतात. धागा ताठ लागला तर एक वागणूक, सैल लागला तर दुसरी. शेजारणीनं पलीकडून ओढलं तर इकडचीला कळतं. आणि गंमत म्हणजे ते जाळं पेशीच विणतात. ज्या वाकळेवर बसायचं तीच विणत बसायचं."

"मग नवा गळा?"

"गेलेल्या माणसानं दिलेला स्वरतंतूंचा थर घेतो. खास साबणाच्या पाण्यात तीन दिवस धुतो. त्याच्या पेशी निघून जातात, जाळं राहतं. पांढरं, मलमलीसारखं. मग पेशंटच्या स्वतःच्या पेशी वाढवून त्यात सोडतो. त्या जुने धागे धरतात, त्या आधारानं नवे घालतात. शंभर दिवस वीण ओली असते. जसा सूर लागेल तसे धागे लागतात. म्हणून तुम्ही."

"आणि एखादीला धागा सापडलाच नाही तर?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "मरते. तिला साखर द्या, प्राणवायू द्या, ऊब द्या. काही कमी नाही. पण धरायला काही नसेल तर दोन-तीन दिवसांत ती स्वतःच आवरतं घेते. कुणी मारत नाही, मास्तर. आतूनच हुकूम येतो."

"सगळ्याच?"

"एखादी निघते कुणाचीच गरज नसलेली. सुटी राहून वाढत जाते. तिला आम्ही कॅन्सर म्हणतो."

दिगंबर त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीच्या दांडीला धरून बसला. बसायला जागा होती, गर्दी नव्हती, तरी त्यानं दांडी शिरोळपर्यंत सोडली नाही.

*

आता ती बाई. अन्विता मगदूम, वय चौतीस, गाव शिरोळच्या पुढं, घरचं गुऱ्हाळ. काहिलीच्या वाफेनं गळा भाजला आणि सात महिने ती पाटीवर लिहून बोलत होती. नवं जाळं बसल्यावर पहिल्यांदा बोलली तेव्हा आवाज भलताच भारी निघाला.

"आमचे हे म्हणतात, घरात आता दोन बापे झाले," ती पहिल्या दिवशी दिगंबरला म्हणाली. "फोन उचलला की लोक 'नमस्कार साहेब' म्हणतात. सवय होईल न्हवं, काका?"

"होईल की. पट्टी कुठली लावू?"

दोन-तीन पट्ट्या लावून पाहिल्या. बायकांच्या कुठल्याच पट्टीत गळा बसेना. शेवटी काळी एकमध्ये बसला. दिगंबरचं त्याकडं लक्ष गेलं नाही. हळूहळू वर चढत चढत ती तार षड्जाजवळ आली, आणि दिगंबरचं मधलं बोट अर्धी मात्रा आधी वर गेलं.

बोटाला आधी कळलं. मग कानाला. मन सगळ्यांत शेवटी आलं.

अन्विताचा सूर तिथं सुटला होता, तोच, पिळलेल्या कापडासारखा. पेटीनं जागा धरली, आणि ती कुणी न शिकवता खालच्या निषादावर येऊन मिळाली. दिगंबरचा भाता थांबला.

"काय झालं, काका?"

"काही नाही. हात अवघडला."

त्यानं दुपारी मुजावर मॅडमना गाठलं. "या मगदूमबाईंचं जाळं कुणाचं?"

"नियमात बसत नाही, मास्तर. मलाही नुसता नंबर माहीत असतो."

दिगंबरनं मान हलवली. त्याला नंबर नको होता.

त्या दिवसापासून त्याचं आयुष्य बदललं असं म्हटलं तर खोटं नाही. सकाळी दाढी होऊ लागली. पेटीचे भाते पुसले गेले. आठवड्यातून एकदा यायचं होतं, तो रोज येऊ लागला, स्वतःचं तिकीट काढून. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, इथंच खोली देऊ का?" तो नुसता हसला. अन्विताला त्यानं बुवांचं पद शिकवलं, सरावाला बरं म्हणून. 'आलो उशिरा, दार लोटले नाही ना रे.' दर वेळी 'ना'ला बोट वर जाई, दर वेळी सूर निसटे, आणि दर वेळी खालच्या निषादावर कुणीतरी येऊन मिळे. घरी एकट्यानं वाजवताना बोट वर जाऊन वाट बघत राहायचं. खाली कुणी येत नसे. इथं येत होतं.

तिच्या गळ्यावर यंत्राचा पट्टा असे. प्रत्येक कंप त्यात नोंदला जाई. पण त्या क्षणी ती गातच नव्हती, पेटी गात होती. यंत्रानं ती जागा 'श्वास' म्हणून मांडली.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मॅडमनी दोघांना समोर बसवलं. भिंतीवर स्वरतंतूंचं चित्र होतं, पांढऱ्या धाग्यांचं.

"डाव्या बाजूला काहीतरी दाट आहे. तीन जागा वाटतात, तिन्ही अंधुक. यातली एक जुनी गाठ असावी, जाळ्याबरोबर आलेली. ज्याचं हे होतं त्यानं आवाज हमालाच्या पाठीसारखा वापरलाय. आमच्या धुण्यातून पेशी गेल्या, गाठ राहिली. आता हिच्या पेशी तिलाच धरून विणतायत."

"मग राहू दे की," दिगंबर म्हणाला. "एवढीशी तर आहे."

"एवढीशी राहत नाही हो. पेशी धागा ओढून बघतात सांगितलं ना? ताठ लागला की आणखी ताठ विणतात. वर्षभरात अख्खी बाजू लाकूड होईल. वीण ओली आहे तोवर एन्झाइमचा एक थेंब सोडला तर गाठ विरघळते. पण थेंब चुकीच्या जागी पडला तर चांगली वीण जाईल. कुठल्या सुरावर अडतं ते नेमकं कळलं, तर त्या सुरावर गाठ हलताना चित्रात दिसेल." त्या अन्विताकडं वळल्या. "पेटीशिवाय गाऊन बघा."

अन्विता उभी राहिली. पंचमापर्यंत गेली आणि घाबरून खाली आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

"मला घरी अडतं, मॅडम. इथं काकांबरोबर कधीच नाही. मी काय खोटं बोलते काय?"

"मास्तर," मॅडम म्हणाल्या, "तुमचा कान यंत्राहून बरा. रोज सोबत असता. कुठं अडतं?"

खोलीत तिघंच होते. पंखा फिरत होता. दिगंबरनं भिंतीवरच्या पांढऱ्या धाग्यांकडं पाहिलं. तापातले सात दिवस तिथं होते. चूळ भरलेलं पाणी तिथं होतं. या पृथ्वीवर बुवांचं म्हणून जे काही उरलं होतं ते तेवढंच.

"मला तर कुठंच अडलेलं दिसत नाही," तो म्हणाला.

चौतीस वर्षांत त्यानं कुणाशी बेसूर वाजवलं नव्हतं. हे पहिलं.

*

पुढचे काही दिवस केंद्राला सुटी होती. दिगंबर खोलीत बसून राहिला. देवापुढं दिवा लावला, हात जोडले, पण काय मागावं ते ठरेना. चिपळ्या खुंटीवरून काढल्या, पुसल्या, परत लावल्या. बुवा असते तर विचारलं असतं. आणि विचारलं असतं तर बुवा काय म्हणाले असते ते त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो चिपळ्यांकडं पाठ करून जेवला.

पंच्याण्णवाव्या दिवशी अन्विता आली. पेटीसमोर बसली, पदराशी चाळा करत राहिली.

"काय गं? तब्येत?"

"काका, परवा आमची ओवी," ती म्हणाली. ओवी म्हणजे तिची पाच वर्षांची मुलगी. "फुलपाखरामागं पळत विहिरीकडं गेली. आमच्या विहिरीला कठडा नाही. मी उसाच्या या कडेला. हाक मारली, 'ओवीऽऽ'. वर गेल्यावर आवाजच गेला. तोंड उघडं, आत काही नाही. पुन्हा मारली, पुन्हा तसंच. पोरगी आपली पुढं पुढं."

दिगंबरच्या हाताखालचा भाता न वाजता मिटत गेला.

"आमच्या गड्यानं बघितलं म्हणून. त्यानं उचलली तिला. विहिरीला एक हात राहिला होता, काका. एक हात." तिनं डोळे पुसले आणि रागानं म्हणाली, "मॅडम म्हणतात, कदाचित मनाचं असेल. घरची म्हणतात, भीती बसलीय. मला समजंना झालंय, इथं तुमच्यापुढं आवाज चढतो आणि तिथं माझ्या पोरीपुढं कसा चढत नाही?"

दिगंबरला बोलायचं होतं. बाई, तुझा चढत नाही, मी चढवतो, असं म्हणायचं होतं. त्याऐवजी त्यानं उठून दारातून हाक मारली, "मॅडम, या. चित्र चालू करा."

मुजावर मॅडम आल्या. अन्विताच्या गळ्याला पट्टा लावला. भिंतीवर पांढरे धागे उमटले.

"पद म्हण," दिगंबर म्हणाला. "मी सोबत आहे. भिऊ नकोस."

हे म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली, कारण पुढं काय करायचं होतं ते त्याला माहीत होतं. वर न्यायचं आणि सोडायचं.

अन्विता गाऊ लागली. 'आलो उशिरा' झालं. 'दार लोटले नाही' झालं. पेटी तिच्याबरोबर एकेक पायरी चढत होती, म्हाताऱ्याला घाट चढवताना कुणी कोपराला धरावं तशी. धैवत, निषाद. मधलं बोट सवयीनं वर उठलं. तीस वर्षांची सवय ती. दिगंबरनं डाव्या हातानं भाता सोडला आणि त्याच हातानं उजव्या हाताचं ते बोट धरून ठेवलं.

'ना' उघडा पडला.

टर्रकन आवाज फाटला. मंडपात कुणी न ऐकलेला तो आवाज त्या खोलीत सगळ्यांनी ऐकला. भिंतीवर डाव्या बाजूला एक ठिपका थरथरून उठला, लख्ख, एकच.

"सापडली!" मॅडम ओरडल्या. "तार षड्ज! मास्तर, हलवू नका तिला. अन्विता, पुन्हा तोच."

पुन्हा तोच. पुन्हा. सात वेळा तिनं तो सूर लावला आणि सातही वेळा दिगंबरनं स्वतःचं बोट मुठीत धरून ठेवलं. अन्विता त्याच्याकडं बघत होती. इतके दिवस आपल्याला कुणी धरलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

सगळं झाल्यावर मॅडम चित्र बंद करता करता हळूच म्हणाल्या, "मास्तर, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं."

दिगंबर पेटीचं झाकण पुसत राहिला.

"तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

"नियमात बसत नाही, मॅडम," दिगंबर म्हणाला.

मॅडमनी त्याच्यासाठी चहा सांगितला आणि स्वतः समोर बसून राहिल्या.

"एक विचारू?" थोड्या वेळानं दिगंबर म्हणाला. "ते विरघळलेलं कुठं जातं?"

"कुठं जाणार? तिच्याच पेशी खातील. त्यातूनच नवे धागे घालतील." मॅडमनी क्षणभर विचार केला. "वाया नाही जात, मास्तर."

"प्रसादासारखं."

"तसंच म्हणा."

*

सत्त्याण्णवाव्या दिवशी थेंब सोडला. तीन आठवडे मौन. मग अन्विता शेवटच्या तासाला आली. बरोबर ओवी होती, आईच्या भारी आवाजाला आता सरावलेली, पेटीच्या भोकांतून आत कोण बसलंय ते बघणारी.

अन्वितानं पद धरलं. निषाद झाला. आणि 'ना' वर गेला तो सरळ, रेशमासारखा, कुठं न अडता, आणि वरच उभा राहिला. ओवीनं टाळ्या वाजवल्या. दाराशी मॅडमनी डोळे मिटले.

पेटीही वाजत होती. अन्विता हसत म्हणाली, "काका, आज वर तुम्ही माझ्या आधी पोचलात. घाई झाली काय?"

दिगंबरनं खाली पाहिलं. मधलं बोट काळी एकवर होतं. अर्धी मात्रा आधी गेलेलं, धरून बसलेलं.

"सवय," तो म्हणाला.

ती वाकून पाया पडली, ओवीलाही पडायला लावलं, गुळाची ढेप पेटीशेजारी ठेवली आणि गेली. अंगणातून तिची हाक ऐकू आली, "ओवीऽऽ, रस्त्यावर नको!" तारस्वरात, भरदार. त्या हाकेत बुवांचं ओळखू येईल असं आता काहीच नव्हतं. दिगंबरनं हाक विरेपर्यंत ऐकली. मग भाता बांधला, झाकण लावलं, आणि एसटीत खिडकीशी बसला. दांडीला धरून.

तर मायबाप, आख्यान संपलं. तुम्ही उद्या कुठंतरी कीर्तनाला जाल. बुवा रंगात येतील, सूर वर चढेल, आणि तुमच्या अंगावर काटा येईल. त्या वेळी एवढं करा: बुवांवरची नजर क्षणभर काढून मागं, पेटीकडं बघा. तिथं जो कुणी बसला असेल त्याच्याकडं बघून आमच्या दिगंबर गुरवाची आठवण काढा. त्याचं बोट अजून वरच आहे.